जनुके, शाळा आणि शिक्षणाची मजल : एका जुन्या वादाचा आढावा

साठच्या दशकात अमेरिकेत तीन वर्षांच्या अंतराने दोन मजकूर प्रसिद्ध झाले. समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या पथकाने सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची पाहणी करून १९६६ साली अहवाल दिला. मुलांच्या गुणांमधला फरक शाळेची इमारत, प्रयोगशाळा किंवा खर्च यांच्यापेक्षा घरच्या पार्श्वभूमीशी अधिक जुळतो, असा त्याचा निष्कर्ष होता. १९६९ साली मानसशास्त्रज्ञ आर्थर जेन्सन यांनी हार्वर्डच्या शैक्षणिक नियतकालिकात एक दीर्घ लेख लिहिला. बुद्ध्यंकातला बहुतांश फरक आनुवंशिक असल्याने मागे पडलेल्या मुलांसाठीच्या खास शैक्षणिक कार्यक्रमांतून फारसे काही साधणार नाही, असे त्यांनी मांडले आणि गोऱ्या व काळ्या मुलांच्या गुणांतल्या तफावतीलाही आनुवंशिक कारण असू शकते असे सुचवले. त्या लेखाने उठलेले वादळ अनेक वर्षे शमले नाही.

एका मजकुराने शाळेचे वजन कमी केले, दुसऱ्याने जनुकांचे वाढवले. पुढे बराच काळ ही दोन कारणे एकमेकांविरुद्ध तोलली जात राहिली : याचे इतके टक्के, त्याचे तितके टक्के. गेल्या पंधरा-वीस वर्षांत मात्र प्रश्नाची मांडणी बदलली आहे. मुलांमुलांत जनुकांशी निगडित फरक असतात हे धरून चालले, तर चांगली शाळा ते फरक वाढवते की कमी करते, असा आजचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर अजून एक नाही. पण ते एक का नाही, याविषयी आता बरेच काही सांगता येते.

वादाला चिकटलेला इतिहास

या विषयावर कोणीही स्वच्छ पाटीने लिहू शकत नाही. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८६९ साली नामवंत घराण्यांच्या वंशावळी मांडून प्रतिभा रक्तातून उतरते असे प्रतिपादन केले आणि १८७५ साली जुळ्या भावंडांच्या अभ्यासाची कल्पना पुढे आणली. ‘युजेनिक्स’ हा शब्दही त्यांचाच, १८८३ सालचा. त्या विचाराने पुढे सक्तीच्या नसबंदीपासून नाझी वंशवादापर्यंत काय काय घडवले हे सर्वज्ञात आहे.

या इतिहासात एक मराठी पान आहे, ते फारसे उघडले जात नाही. इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनच्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर यांच्याकडे डॉक्टरेटसाठी गेल्या. फिशर हे पुढे नाझी वंशविज्ञानाचे आधारस्तंभ ठरलेले गृहस्थ. कवटीच्या दोन बाजूंमधली असमानता वंशागणिक बदलते का, हे कर्व्यांनी तपासायचे होते. त्यांनी कवट्या मोजल्या आणि अपेक्षित संबंध दिसत नसल्याचे लिहून दिले. गुरूच्या गृहीतकापेक्षा मोजमापावर विश्वास ठेवण्याचे हे धैर्य या क्षेत्रात दुर्मीळ होते.

ब्रिटनमध्ये मानसशास्त्रज्ञ सिरिल बर्ट यांचे उदाहरण नेमके उलटे आहे. वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांविषयीची त्यांची आकडेवारी वर्षानुवर्षे आधार म्हणून दिली जाई. १९७१ साली त्यांचे निधन झाल्यावर लिऑन कामिन यांनी दाखवून दिले की जुळ्यांची संख्या वाढत गेली तरी सहसंबंधाचे आकडे तिसऱ्या दशांशापर्यंत तसेच राहिले होते. १९७९ साली बर्ट यांच्या चरित्रकारानेही आकडेवारी बनावट असल्याचा निष्कर्ष काढला. काही अभ्यासकांनी नंतर बर्ट यांची बाजू मांडली, पण ती आकडेवारी शास्त्रीय आधार म्हणून बाद झाली.

टक्के काय सांगतात

जुळ्यांच्या अभ्यासाची पद्धत मात्र टिकली. एकसारख्या जुळ्यांची जनुके जवळजवळ पूर्ण जुळतात. भिन्न जुळ्यांत, इतर भावंडांप्रमाणेच, ज्या जनुकांत माणसामाणसांत फरक असतो त्यांपैकी सरासरी निम्मी. एकसारखी जुळी शिक्षणात भिन्न जुळ्यांपेक्षा किती अधिक सारखी निघतात यावरून आनुवंशिकतेचे प्रमाण काढले जाते. अनेक देशांतल्या अभ्यासांचे २०१३ साली एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा माणूस एकूण किती वर्षे शिकतो यातल्या फरकापैकी सरासरी ४० टक्के आनुवंशिक आणि जवळपास तेवढाच वाटा जुळ्यांना समान लाभलेल्या परिस्थितीचा निघाला. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी होणाऱ्या जीसीएसई परीक्षेत हेच प्रमाण अनुक्रमे ५८ आणि ३६ टक्के आले.

हे आकडे वाचताना होणारी चूक जुनी आहे. ४० टक्के याचा अर्थ एखाद्या मुलीचे ४० टक्के शिक्षण जनुकांनी घडवले असा होत नाही. एका विशिष्ट समाजात, एका विशिष्ट काळी, माणसामाणसांत दिसणाऱ्या फरकाचा तो हिशेब आहे. समाज बदलला की आकडा बदलतो. ख्रिस्तोफर जेंक्स यांनी १९७२ साली याचे मार्मिक उदाहरण दिले. समजा एखाद्या देशाने लाल केसांच्या मुलांना शाळेत घेणेच बंद केले. मग लाल केसांची जनुके निरक्षरतेची जनुके म्हणून मोजली जातील, आणि आकडेमोडीत कुठेही चूक नसेल. अर्थशास्त्रज्ञ आर्थर गोल्डबर्गर यांनी चष्म्याचा दाखला दिला. अधू दृष्टी कितीही आनुवंशिक असली तरी चष्म्याचा उपयोग त्यामुळे कमी होत नाही. आनुवंशिक म्हणजे अटळ, हे समीकरण या दोन उदाहरणांनंतर टिकत नाही. तरीही सार्वजनिक चर्चेत ते आजही सर्रास वापरले जाते.

आकडा समाजाबरोबर कसा हलतो हे नॉर्वेतल्या जुळ्यांच्या १९८५ सालच्या अभ्यासाने दाखवले. तो मला या संपूर्ण साहित्यातला सर्वांत बोलका अभ्यास वाटतो. १९४० पूर्वी जन्मलेल्यांत शिक्षणाच्या फरकातला आनुवंशिक वाटा सुमारे ४१ टक्के होता, कुटुंबाचा त्याहून थोडा अधिक. दुसऱ्या महायुद्धानंतर शिक्षणाची दारे रुंद झाली, आणि त्यानंतरच्या पिढीतल्या पुरुषांत आनुवंशिक वाटा ७० टक्क्यांच्या आसपास गेला. कुटुंबाचा वाटा १० टक्क्यांच्या आत आला. बाप कोण, घरात पैसा किती, यांचे महत्त्व घटले की उरलेल्या फरकात जनुकांचे प्रमाण आपोआप मोठे दिसते. म्हणून काही अभ्यासक वाढत्या आनुवंशिक वाट्याकडे समान संधीची खूण म्हणून पाहतात.

पण त्याच अभ्यासात स्त्रियांचे आकडे जवळपास हलले नाहीत. शाळा त्याच, सुधारणा त्याच, आणि भाऊ-बहिणींची जनुकेही एकाच आईबापांची. तरी मुलींच्या बाबतीत कुटुंबाचा वाटा ४० ते ५० टक्क्यांवरच राहिला. मुलीने किती शिकावे याविषयीच्या घरच्या अपेक्षा बहुधा कायद्याइतक्या वेगाने बदलल्या नसाव्यात. शाळा उपलब्ध असणे आणि ती प्रत्यक्षात वाट्याला येणे यांतले अंतर या एका तक्त्यात दिसते.

एरिक टर्कहायमर यांच्या पथकाने २००३ साली आणखी पुढचे पाऊल टाकले. अमेरिकेतल्या सात वर्षांच्या जुळ्यांचे बुद्ध्यंक तपासताना अतिगरीब कुटुंबांत फरकाचा सुमारे ६० टक्के वाटा सामायिक परिस्थितीचा आणि जनुकांचा जवळपास शून्य आढळला. सुस्थितीतल्या घरांत चित्र जवळजवळ उलटे. हा निष्कर्ष सर्वत्र लागू आहे का? २०१६ साली अनेक अभ्यास एकत्र केल्यावर तो अमेरिकेत सौम्य स्वरूपात टिकला, पश्चिम युरोप आणि ऑस्ट्रेलियात दिसला नाही. तिथल्या गरीब मुलालाही बऱ्यापैकी शाळा आणि दवाखाना मिळतो, हे त्यामागचे एक संभाव्य कारण अभ्यासकांनी सुचवले.

डीएनए थेट वाचल्यावर

२०१३ पासून अभ्यासाची सामग्रीच बदलली. एक लाखाहून अधिक लोकांचा डीएनए तपासून शिक्षणाच्या वर्षांशी संबंध असलेल्या फक्त तीन जागा ठामपणे सापडल्या. २०१८ साली ११ लाख लोकांत १,२७१, तर २०२२ साली ३० लाख लोकांत ३,९५२ जागा मिळाल्या. प्रत्येक जागेचा परिणाम इतका सूक्ष्म की शिक्षणाचे जनुक असे काही नाही, हे या अभ्यासांनी कायमचे सिद्ध केले. सगळ्या जागांची बेरीज करून प्रत्येक व्यक्तीसाठी एक बहुजनुकीय गुणांक काढता येतो. युरोपीय वंशाच्या लोकांत तो शिक्षणाच्या फरकापैकी १२ ते १६ टक्के भाग सांगतो. घरच्या उत्पन्नावरून बांधलेला अंदाजही साधारण याच आवाक्यातला असतो. म्हणजे संशोधकांना गटांबद्दल बोलायला गुणांक पुरेसा आहे, एका मुलाचे भविष्य सांगायला मुळीच पुरेसा नाही.

तो गुणांक नेमके काय मोजतो, हेही लवकरच प्रश्नांकित झाले. आइसलँडमधल्या अभ्यासकांनी २०१८ साली आईबापांची अशी जनुके वेगळी काढली जी मुलांपर्यंत पोहोचलीच नव्हती. तरीही त्यांचा मुलांच्या शिक्षणाशी संबंध आढळला. पोहोचलेल्या जनुकांच्या परिणामाच्या सुमारे ३० टक्के. पालकांच्या जनुकांचा काही परिणाम त्यांनी घडवलेल्या घरातून होत असावा, असा त्याचा सर्वसाधारण अर्थ लावला जातो. जोडीदार निवडताना समान शिक्षणाची माणसे एकत्र येतात, त्यानेही आकडा फुगतो. सख्ख्या भावंडांची एकमेकांशी तुलना केली, तर शिक्षणाच्या बाबतीतले जनुकीय परिणाम जवळपास निम्म्यावर येतात. जनुकांच्या नावे मांडलेल्या रकमेतली बरीचशी रक्कम घराच्या खात्यातली होती.

आणखी एक मर्यादा आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. हे गुणांक जवळजवळ संपूर्णपणे युरोपीय वंशाच्या लोकांवरून बांधलेले आहेत. आफ्रिकी अमेरिकनांना ते लावले तेव्हा सांगितला गेलेला भाग दोन टक्क्यांच्याही खाली घसरला. म्हणून दोन समाजांच्या सरासरी गुणांकांची तुलना करून त्यांच्या शिक्षणाबद्दल काही म्हणणे शास्त्रीयदृष्ट्या निरर्थक आहे. हे गुणांक बांधणारे संशोधकही तसे स्पष्टपणे सांगतात.

शाळा कोणत्या बाजूला?

आता मूळ प्रश्न. एक मत असे की चांगली शाळा फरक खुलवते. उत्तम शिकवले की ज्याची जेवढी कुवत तेवढी बाहेर येते. वाईट शिकवले की सगळेच एका पातळीवर खुंटतात. याला २०१० साली फ्लोरिडातल्या पहिली-दुसरीच्या जुळ्यांच्या अभ्यासातून बळ मिळाले. शिक्षकाची गुणवत्ता तिथे हुशारीने मोजली होती : जुळी सोडून वर्गातल्या बाकीच्या मुलांनी वाचनात किती प्रगती केली, यावरून. शिक्षक जितका चांगला, तितका वाचनाच्या ओघवतेपणातला आनुवंशिक फरक मोठा निघाला. एस्टोनियातले निष्कर्षही याच दिशेचे. सोव्हिएत राजवटीत शिकलेल्यांच्या तुलनेत स्वातंत्र्यानंतर शिकलेल्या पिढीत जनुकीय गुणांकाने शिक्षणाचा सुमारे दुप्पट भाग सांगितला.

दुसरे मत असे की चांगली शाळा उणीव भरून काढते. ज्याला आपोआप जमते तो कुठेही शिकेल. ज्याला जमत नाही त्यालाच शाळेची खरी गरज. २०२२ सालचा नॉर्वेचा अभ्यास या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा आहे, कारण त्यात मूल, आई आणि वडील अशा २३ हजारांहून अधिक त्रिकुटांचा डीएनए आणि राष्ट्रीय चाचण्यांचे गुण एकत्र जोडले होते. आईवडिलांचे गुणांक हिशेबात घेतल्याने घराचा प्रभाव बऱ्याच अंशी वेगळा करता आला. शाळाशाळांमधल्या फरकाने कमी गुणांकाच्या मुलांच्या यशातला ४ टक्के भाग सांगितला, जास्त गुणांकाच्या मुलांत फक्त २ टक्के. चांगल्या शाळांनी सगळ्यांनाच वर नेले आणि मागच्यांना जास्त. परिसर, जिल्हा, नगरपालिका यांचा मिळूनही वाटा दोन टक्क्यांच्या आतच होता.

हे टक्के लहान आहेत याची नोंद घ्यायलाच हवी. पण नॉर्वेतल्या शाळा एकमेकींसारख्या आहेत. जिथे शाळाशाळांत जमीनअस्मानाचा फरक आहे तिथे हा आकडा एवढाच राहील असे मानायला आधार नाही.

अमेरिकेत कॅथरीन पेज हार्डन यांच्या पथकाने २०२० साली माध्यमिक शाळांची गणिताची नोंदपुस्तके तपासली. तिथे गणित हळूहळू सोडता येते, आणि सोडले की पुढच्या बऱ्याच वाटा बंद होतात. कमी गुणांकाची मुले अधिक प्रमाणात गळत होती. मात्र ज्या शाळांत पालक सुशिक्षित होते, तिथे त्याच गुणांकाची मुले गणितात टिकून राहिली. ब्रिटनने १९७२ साली शाळा सोडण्याचे किमान वय १५ वरून १६ केले, त्याचा अभ्यास शिक्षणाविषयी नसून आरोग्याविषयी आहे, तरी तो इथे हवा. कायद्याने लादलेले ते एक जादा वर्ष मिळालेल्यांत, लठ्ठपणाचा जनुकीय धोका जास्त आणि कमी असलेल्यांच्या शरीरयष्टीतली तफावत बरीच घटली. शाळेचे वर्ष इथे कोणी निवडले नव्हते, त्यामुळे कारण आणि परिणाम यांची गल्लत होण्याची शक्यता कमी आहे.

ही गल्लत किती मोठी असू शकते, हे इंग्लंडमध्ये दिसले. प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या, खासगी आणि सर्वांना खुल्या शाळांच्या निकालांत मोठी तफावत असते. २०१८ सालच्या एका अभ्यासात शाळेच्या प्रकाराने परीक्षेतल्या फरकाचा ७ टक्के भाग सांगितला; प्रवेशाच्या वेळची गुणवत्ता आणि घरची स्थिती लक्षात घेतल्यावर तो एक टक्क्याच्याही खाली आला. मुलांच्या गुणांकांतही शाळेच्या प्रकारानुसार फरक होता. निकालाच्या पाट्या लावून शाळांची गुणवत्ता सांगणाऱ्यांनी हा अभ्यास वाचायला हवा.

मग फ्लोरिडा खरे की नॉर्वे? मला दोन्ही खरे वाटतात, कारण त्यांनी वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या. पहिलीतल्या वाचनाच्या वेगाला वरची मर्यादा नाही; चांगला शिक्षक भरधाव मुलाला आणखी भरधाव करू शकतो. हार्डन यांच्या अभ्यासातले, गणित न सोडणे ही मात्र खालची पायरी आहे, आणि तिथे शाळेचे काम कोणी घसरू नये एवढे पाहण्याचे असते. शाळेची गुणवत्ता म्हणजे काय, याची व्याख्याही तिन्ही ठिकाणी वेगळी : फ्लोरिडात वर्गमित्रांची प्रगती, नॉर्वेत शाळेचा एकूण परिणाम, हार्डन यांच्याकडे पालकांचे शिक्षण. आणखी एक गोष्ट चर्चेत हरवते. फरक वाढला याचा अर्थ मागचा आणखी मागे गेला असा होत नाही. सगळेच पुढे गेले आणि काही जास्त पुढे गेले, तरी फरक वाढतो. सरासरी आणि विस्तार या दोन गोष्टी वेगळ्या मांडल्याशिवाय हा वाद पुढे सरकत नाही.

आज कोण कुठे उभे आहे

वर्तन-आनुवंशिकीचे अभ्यासक रॉबर्ट प्लोमिन यांच्या २०१८ सालच्या पुस्तकातली भूमिका अशी की शाळा महत्त्वाच्या आहेतच, कारण त्यांच्याशिवाय मुले वाचायलाही शिकणार नाहीत. मात्र बऱ्यापैकी शाळांमधला फरक मुलांमुलांतल्या फरकाचा लहानच भाग सांगतो. हार्डन यांनी २०२१ साली वेगळी दिशा घेतली. कोणती जनुके वाट्याला यावीत हे कोणाच्या कर्तृत्वाचे नाही. म्हणून जनुकीय माहिती वापरून कोणती शाळा वा धोरण कोणाला फायदा देते हे तपासावे आणि समता वाढवावी, असे त्या म्हणतात. टर्कहायमर यांना हा आशावाद मान्य नाही. जनुकापासून पदवीपर्यंतची वाट इतकी लांब आणि समाजाच्या इतक्या हातांतून जाणारी आहे की त्या टक्क्यांना कारण म्हणणेच दिशाभूल करते, असा त्यांचा आक्षेप आहे. अनेक समाजशास्त्रज्ञांचा प्रश्न त्याहून साधा आहे. शाळा सुधारायला काय लागते हे आपल्याला डीएनएशिवाय माहीत असताना ही माहिती गोळा करण्याची जोखीम कशासाठी घ्यायची?

या चारही भूमिकांत आकड्यांविषयी मतभेद थोडे आहेत, आकड्यांच्या अर्थाविषयी खोल आहेत. माझा कल हार्डन यांच्या प्रश्नाकडे आणि टर्कहायमर यांच्या सावधपणाकडे आहे. गुणांकाचा उपयोग शाळेची परीक्षा घेण्यासाठी व्हावा. मुलांची वर्गवारी करण्यासाठी त्याचा वापर कधीही होऊ नये.

आपल्याकडचा प्रश्न

भारतीय मुलांविषयी वरच्या जनुकीय अभ्यासांतून थेट काहीही निष्पन्न होत नाही. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात दहा हजारांच्या आसपास भारतीयांचे जनुकसंच वाचले गेले आहेत, पण तीस लाखांच्या तुलनेत ही सुरुवात आहे. त्यातच आपल्याकडे जातींतर्गत विवाहांमुळे समाजगट जनुकीयदृष्ट्याही काहीसे वेगळे राहिले, आणि शाळेची दारेही शतकानुशतके त्याच गटांप्रमाणे उघडली वा बंद झाली. जेंक्स यांचे लाल केसांचे उदाहरण तिकडे काल्पनिक होते. इथे कोणी निष्काळजीपणे असा अभ्यास केला, तर बंद दारांचा परिणाम जनुकांच्या नावावर जमा होण्याचा धोका अगदी खरा आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा धोका १९३६ सालीच नेमका ओळखला होता. जातिनिर्मूलनावरच्या त्यांच्या न झालेल्या भाषणात माणसाच्या कर्तृत्वाची तीन उगमस्थाने सांगितली आहेत : शारीरिक आनुवंशिकता, पालकांचे संगोपन आणि शिक्षण यांतून मिळणारा सामाजिक वारसा, आणि स्वतःचे प्रयत्न. तिन्हींत माणसे असमान असतात हे ते मान्य करतात. पण पहिल्या दोहोंत ज्यांना आधीच लाभ मिळाला त्यांनाच स्पर्धेत पुढे केले, तर निवड सक्षमांची न होता सुस्थितांची होईल, असा त्यांचा युक्तिवाद आहे. आज जनुके आणि सामाजिक वारसा वेगळे करण्यासाठी संशोधक ज्या खटपटी करतात, त्यांमागचा पेच यात पूर्ण मांडलेला आहे.

शाळेच्या बाजूचा पुरावा मात्र आपल्याकडे आहे, आणि त्यातला एक मुंबईचा आहे. २००१ ते २००३ या काळात ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या बालसखी कार्यक्रमाची मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत काटेकोर चाचणी झाली; अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो तिच्या संशोधकांपैकी होते. तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना वस्तीतलीच एक शिकलेली तरुणी रोज दोन तास वेगळे घेऊन अक्षरे आणि आकडे पक्के करून घेई. पहिल्या वर्षी गुण ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलनांनी वाढले, आणि फायदा मुख्यतः सर्वांत मागच्या मुलांना झाला. या मुलांचा डीएनए कोणी पाहिला नव्हता. पाहण्याची गरजही नव्हती. कार्यक्रम संपल्यानंतर वर्षभराने त्या फायद्यापैकी सुमारे ०.१ शिल्लक होता. उरलेला का विरला? पुढच्या इयत्तेतला वर्ग पुन्हा पाठ्यपुस्तकाच्या वेगाने चालला म्हणून, की उजळणी थांबली म्हणून? ग्रामीण भारतात पाचवीतल्या निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही, असे ‘असर’च्या पाहण्या वर्षानुवर्षे सांगत आहेत. अशा देशात जनुकीय गुणांकांच्या आधी या विरण्याचा शोध लागायला हवा, असे मला वाटते.